दसऱ्याच्या दिवसाचा आकडा

प्रज्ञाताई,

गेल्या मंगळवारी तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तळमजल्यावरच्या त्या हॉलमध्ये, जिथं पंखा लावला की माइक घरघरतो आणि पंखा बंद केला की माणसं उठून जातात. ओळखपत्रावरचा तुझा फोटो मोठा करून लावला होता. त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस. घड्याळ लावून दोन मिनिटं शांतता झाली. मग तुमचे विभागप्रमुख उठले. म्हणाले, "मॅडम कष्टाळू होत्या, विद्यार्थिप्रिय होत्या. आकड्यांच्या बाबतीत एकदा त्यांच्या हातून घाई झाली, पण आज तो विषय काढायचा नाही."

काढायचा नाही म्हणत काढलाच. तुझ्या फोटोसमोर, हार ताजा असताना.

मी तिसऱ्या रांगेत होते. घाई तुझ्या हातून झालेली नव्हती, माझ्या हातून झाली होती, आणि हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होतं. भर सभेत उठून साहेबलोकांना मध्येच तोडणं हे माझं रोजचं काम. कामठी ते कन्हान लोक मला त्यासाठीच ओळखतात. त्या दिवशी मी उठले नाही. चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली आणि बाहेर आले.

बाहेर पायऱ्यांवर तेच विभागप्रमुख साहेब कोणाला तरी सांगत होते, "तो दोन वर्षांचा डेटा वादग्रस्त आहे. कोण हात लावणार? कपाटात ठेवून द्या." डेंग्यूनं तुला नऊ दिवसांत नेलं. आता तुझं कामही न्यायचं ठरलं होतं, आणि त्याला कारण म्हणून माझी करणी पुढं केली जात होती. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसते, उठते. पत्रक लिहायला घेते, टाकून देते. पत्रकात पहिल्याच ओळीत दोषी कोण ते लिहायची माझी सवय. तर मग इथंही लिहून टाकते. दोषी मी आहे. आता पुढचं ऐक.

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती कन्हानच्या शाळेच्या गच्चीवर. शेजारचं कोळशाचं यार्ड वाढवायचं चाललं होतं. मी त्याविरुद्ध पालकांच्या सह्या गोळा करत आले होते, आणि तू बिजलीच्या मीटरला लावतात तसल्या प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडत बसली होतीस. भोवती त्या वर्षीच्या सातवीच्या पोरी. मला वाटलं वायरमनची बायको.

"काय मोजते हा डबा?" मी विचारलं.

"धूळ."

"म्हणजे विषच ना."

"विष नाही मोजत वं, धूळ मोजते. दोन्ही एकच असते तर मी कशाले इथं उन्हात बसली असती?"

मग तू मला आणि पोरींना एकदमच समजावलंस. बंद खोलीत उन्हाचा कवडसा आला की त्यात धूळ नाचताना दिसते, हा डबा तेच करतो, फक्त उन्हाच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी काचेचा एक ठिपका. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, डब्यात सकाळ आहे." तू ते वाक्य वहीत उतरवून घेतलंस. माझं एकही वाक्य तू कधी उतरवून घेतलं नाहीस, हे मला तेव्हाही टोचलं होतं.

डबा हा तुझ्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे श्वास मोजायची ती नळी. पोरीनं छातीभर हवा घ्यायची, जोरात फुंकायचं आणि काटा कुठवर सरकतो ते लिहायचं. सुरुवातीला तू त्यांची स्पर्धा लावलीस. दुसऱ्याच आठवड्यात बंद केलीस. मी विचारलं काहून, तर म्हणालीस, "जिंकासाठी पोट्ट्या थुंकल्यासारख्या फुंकते. काटा पुढं जाते, पण ती छातीची ताकत नाही, जिभेची आहे." आणि माझ्याकडं बघून हसलीस. मी ते माझ्यावर घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं.

हे सगळं तू कोणत्या विभागातून करणार, या एका प्रश्नावर तुझं दीड वर्ष गेलं. फिजिक्सवाले म्हणाले, डबा बनवणं हे इंजिनिअरिंग. इंजिनिअरिंगवाले म्हणाले, शाळेतल्या पोरींकडून मोजून घेता म्हणजे हे शिक्षणशास्त्र. शिक्षणशास्त्रवाले म्हणाले, श्वास आला की आरोग्य आलं. आणि आरोग्यवाल्यांनी विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? चार दारं, चारही ठिकाणी खुर्चीत माणूस बसलेला, चारही जण सभ्य. मला इतकी तिडीक आली होती की चौघांच्या दारावर चिकटवायचं पत्रक मी लिहूनही ठेवलं होतं. तू ते वाचलंस, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्यास आणि म्हणालीस, "हवा काय विभाग विचारून नाकात जाते का? पण हे छापू नको. मले ह्याच चौघांच्या सह्या पायजे." शेवटी फिजिक्सनंच घेतलं, दोन पानं अटी लावून.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. तू मला आकडा द्यायचीस आणि त्यामागं अधिक-उणे लावायचीस. इतका, पण इतक्यानं कमी किंवा इतक्यानं जास्त असू शकतो. मी म्हणायचे, "ताई, पत्रकात शेपूट चालत नाही. लोक रिक्षात बसल्या बसल्या वाचतात. एक आकडा, एक घोषणा, खाली सभेची वेळ."

"शेपूट तोडलं तर जनावर वेगळं होते, बाई."

"तू शेपटं मोजत बस. तोवर यार्ड शाळेच्या भिंतीला लागेल."

तू चिडायची नाहीस. मुंगवड्यांची पुडी पुढं सरकवायचीस. तुझं ते न चिडणं मला अजून आठवलं की राग येतो.

आता दसरा. तुझ्यामाझ्या घरी दसरा म्हणजे दीक्षाभूमी. तू लहानपणापासून आईबरोबर त्या दिवशी पाणी वाटायला उभी राहायचीस, त्याही वर्षी राहिलीस. डबा शाळेच्या गच्चीवर एकटा. आणि कन्हानच्या शाळेत त्या सकाळी मारोतीकाका, शाळेचे शिपाई, नेमानं आले. दसऱ्याला चालत्या वस्तूची पूजा करायची ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी घंटेला हळदकुंकू लावलं, पाण्याच्या मोटारीला लावलं, कॉम्प्युटरला लावलं. मग गच्चीवर गेले. शाळेतलं सगळ्यात हुशार यंत्र तर तिथं होतं. डब्याला हवा आत ओढणारी एक नळी, नळीच्या तोंडाला जाळी. जाळीत त्यांनी उदबत्ती खोचली.

तुझ्या लॅपटॉपवर मी तीन दिवसांनी तो आलेख पाहिला. रोजची टेकाडं, आणि मध्येच एक सुळका. मी स्क्रीनचा फोटो काढला. यार्डाची जनसुनावणी तिथून तिसऱ्या दिवशी होती आणि मला हवा होता तो आकडा समोर उभा होता. शेपूट नसलेला.

आता जे लिहिते ते मी तुझ्या शोकसभेपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला. "दसऱ्याचा आकडा वापरू नको. एकाच दिवशी एवढा कसा? उद्या शाळेत जाऊन बघते. थांब." मी तो वाचला. नीट, दोनदा. मग प्रेसवाल्याला फोन करून सांगितलं, छापा. दुसऱ्या दिवशी तू पाच वेळा फोन केलास. मी उचलला नाही, कारण तू काय सांगशील याचा मला अंदाज होता, आणि ते कानावर पडलं नाही तोवर मला ते माहीत नाही असं म्हणता येणार होतं.

शाळेत काय झालं ते मला नंतर मारोतीकाकांनीच सांगितलं. "मॅडमनं विचारलं, काका, दसऱ्याले इथं कोनी आलं होतं का? म्या म्हटलं, मीच आलतो, तुमच्या पेटीची पूजा केली ना. उदबत्ती अशी बसली मॅडम, जसं तिच्यासाठीच भोक ठेवलं होतं." तू त्यांना रागावली नाहीस. "चांगलं केलं काका, पुढच्या वेळी जरा दूर लावा," एवढंच म्हणालीस, आणि पोरींना कामाला लावलंस. उदबत्ती नळीत, मग एक हात दूर, मग गच्चीच्या टोकाला. प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. सुळका कुठून आला हे सातवीच्या पोरींनी एका दुपारी शोधून काढलं. माझं पत्रक तेव्हा कामठीच्या रिक्षा स्टँडवर वाटलं जात होतं.

सुनावणीच्या मांडवात यार्डाच्या बाजूचा माणूस उठला. पांढरा शर्ट, हातात माझं पत्रक. त्यानं आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "हा आकडा कोणत्या तारखेचा आहे?"

मी खाली बघितलं. आणि तू मागून उठलीस.

"दसऱ्याचा. तो आकडा चुकीचा आहे. त्या दिवशी यंत्राच्या तोंडात उदबत्ती लावलेली होती. तपासायला मला उशीर झाला. चूक माझी आहे."

मांडव हसला. आपली माणसंसुद्धा हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, मोगरा होती का चंदन?" तू थांबली नाहीस. "बाकीच्या दिवसांचे आकडे तपासलेले आहेत, ते ऐकून घ्या," असं तू दोनदा म्हणालीस. तोवर माइक पुढं गेला होता. ते बाकीचे आकडे पुरेसे होते, ताई. सुळका नको होता. रोजची टेकाडंच त्या पोरींसाठी जास्त होती, हे तू मला वर्षभर सांगत होतीस. यार्डाला परवानगी मिळाली.

बाहेर स्टँडवर मी तुला गाठलं.

"तुले कोणी उठायला सांगितलं होतं?"

"त्यानं तारीख विचारली ना."

"चूप बसता येत नव्हतं?"

"तुले थांबता येत नव्हतं?"

"तू आहेस कोणाच्या बाजूनं?" मी विचारलं. दहा माणसं ऐकत होती.

तू पदरानं चष्मा पुसलास. "पोरींच्या बाजूनं आहो. चाल, रिक्षा भरून राहिली, बस."

मी बसले नाही. दुसऱ्या रिक्षानं गेले. ती आपली शेवटची भेट. मग दहा महिने. त्यात तुझा एकच मेसेज: "सगळ्यांचे श्वासाचे आकडे पूर्ण झाले. बघायला ये." मी गेले नाही.

त्या दहा महिन्यांत काय काय झालं ते मला तुझ्या आईकडून कळलं, तू गेल्यावर, मनीषनगरच्या तुझ्या घरी. कॉलेजनं समिती बसवली. आकडे तपासायच्या आधीच पत्रकवाल्यांना दिले, असा ठपका. श्वासाचे आकडे पूर्ण झाले न झाले तोच शाळेत जायची परवानगी थांबवली. तुझ्या फोनमध्ये तो मेसेज होता. वेळ, तारीख, सगळं. समितीसमोर फोन टेबलावर ठेवला असता तर पाच मिनिटांत सुटली असतीस. आई म्हणाली, "मी किती डाव म्हटलं, त्या पोरीचं नाव सांग. ते म्हणे, आई, तिले अजून लय लढायचं आहे. माझं काय, मी मोजतच बसणार आहो."

ताई, हे मला पटलेलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, मी बोलणार नाही. माझी चूक स्वतःच्या नावावर घ्यायचा हक्क तुला कोणी दिला? मला विचारलं होतंस? तू मला मोठ्या मनानं वाचवलंस आणि त्या वाचण्याखाली मी दहा महिने दबून होते. एक शिवी दिली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आले असते. आणि तुझं ते सावकाश चालणं, त्यावरही माझं म्हणणं मी मागं घेत नाही. तू मोजत होतीस तेव्हा पोरी खोकत होत्या. हे भांडण अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी जिंकले असं होत नाही, हीच तर अडचण आहे.

पण एक सांगायला हवं. आता मला कोणी आकडा दिला की माझ्या तोंडून आधी निघतं: कोणत्या दिवशीचा? किती वेळा मोजला? कोणी? आमच्या बैठकीत पोरं वैतागतात. म्हणतात, तू सरकारी झालीस. मी हे तुझ्याकडून घेतलं आणि कधी सांगितलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. आमचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "आता काहून उकरून राहिली? त्या बाईले आता काय फरक पडते? आपल्या पत्रकावर मात्र पुढं कोणी भरोसा ठेवणार नाही." मी म्हटलं, "ठेवू नये. तारीख विचारावी." तो उठून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं.

गुरुवारी कॉलेजात गेले. अर्ज, त्याला मेसेजची छापील प्रत जोडलेली. आवक खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "चूक दुरुस्ती." तो म्हणाला, "कोणाची?" "माझी." "मग इथं कशाला आणली?" असं म्हणत त्यानं शिक्का मारला. विभागप्रमुखांनी मेसेज तीन वेळा वाचला. चष्मा काढून, घालून. म्हणाले, "तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय." मी म्हटलं, "हो. आणि तुम्ही कपाट उघडताय." ते म्हणाले, समितीपुढं ठेवावं लागेल. मी म्हटलं, ठेवा, मी दर सोमवारी विचारायला येईन. दर सोमवारी जायची मला सवय आहे, हे त्यांना माहीत नसावं.

मग शनिवारी कन्हान. दसऱ्याच्या वेळच्या तुझ्या सातवीच्या पोरी आता आठवीत आहेत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की मॅडमनं मला थांब म्हटलं होतं, मी थांबले नाही.

पुढच्या बाकावरच्या लांब वेणीच्या पोरीनं विचारलं, "मॅडमनं सांगितल्यावर पण छापलं? काहून?"

"जिंकायचं होतं म्हणून."

तिनं मान हलवली, जसं काही हे उत्तर तिच्या अपेक्षेतलंच होतं. मग कपाटातून एक लांब वही काढून आणली. ही वही मला माहीत नव्हती. वर तुझ्या अक्षरात: आपल्या चुका. खाली रकाने. तारीख. काय चुकलं. कोणाकडून. कसं कळलं. पानंच्या पानं. बॅटरी उतरली होती, पूनमकडून, डबा गरम नव्हता म्हणून कळलं. नळी उलटी धरली, मॅडमकडून, पोरी हसल्या म्हणून कळलं. तिनं दसऱ्याचं पान काढलं. तिथं दोन ओळी होत्या. पहिली मारोतीकाकांची: उदबत्ती. दुसरी: न तपासलेला आकडा छापला गेला. कोणाकडून: प्रज्ञा मॅडम.

"म्हणजे मॅडमनं हे खोटं लिहिलं?" तिनं विचारलं.

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. तू असतीस तर मुंगवडे पुढं केले असतेस. माझ्याकडं काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मला वाचवायला."

मी पेन काढून तुझ्या नावावर टेकवलं, तर तिनं माझं मनगट धरलं. "खोडायचं नाही. मॅडम खोडू देत नव्हत्या. खाली लिहा." आणि थोडं थांबून, हिशेबी आवाजात, "दोन ओळी लिहा. चुका दोन आहेत."

पहिली ओळ मी भराभर लिहिली. मेसेज वाचूनही छापलं. कोणाकडून, माझं नाव. कसं कळलं, मी सांगितलं, उशिरा. दुसऱ्या ओळीला वेळ लागला. काय चुकलं: दुसरीची चूक आपल्या नावावर लिहिली. कोणाकडून: तुझं नाव. शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. वेणीवालीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि तिथं लिहून टाकलं: मॅडमच्या मैत्रिणीनं सांगितलं.

'मैत्रिणीनं' हा शब्द मी दोनदा वाचला. खोडायची परवानगी नव्हती, म्हणून राहू दिलं.